परवाना, बॅकअप आणि रात्रीचा फोन

सर्व्हर व्हर्च्युअलायझेशनसाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, असं २०२२ पर्यंत कुणी विचारलं तर उत्तराला फार डोकं लागत नसे. पैसे असले तर व्हीएमवेअर, नसले तर व्हीएमवेअरचीच फुकट आवृत्ती, आणि सगळं ऑफिस विंडोजवर असेल तर हायपर-व्ही. प्रॉक्समॉक्ससारख्या फुकटच्या पर्यायाचं नाव काढलं की समोरचा 'घरी खेळायला ठीक आहे' अशा नजरेने बघायचा. मग २२ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेतली. महिनाभरात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हीएमवेअरची ती फुकट आवृत्ती, ईएसएक्सआय, गेली. ज्यांनी एकदाच पैसे मोजून वर्षानुवर्षं निर्धास्त काढली होती, त्यांच्यापुढे दर वर्षी कोअर मोजून पैसे भरायचा कागद आला, आणि त्यातही एका प्रोसेसरमागे किमान सोळा कोअर धरायचे. म्हणजे आठ कोअरचा प्रोसेसर असलेल्या ऑफिसने नसलेल्या आठ कोअरचेही पैसे द्यायचे. सॉफ्टवेअरमध्ये या सगळ्या काळात बिघाड असा काहीच झाला नव्हता. काल चालत होतं तसंच ते आजही चालत होतं, फक्त मालक बदलला होता.

हे पुस्तक त्या धक्क्यानंतर लिहिलेलं आहे. तुलनेच्या पुस्तकांत तक्ते असतात: कुणाला किती रॅम चालते, कुणाच्या क्लस्टरमध्ये किती सर्व्हर बसतात. तसे तक्ते शेवटी दिले आहेत, पण त्यांवरून निवड करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ कामं आता सगळ्यांना जमतात. चालू व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न थांबवता हलवणं ही २००३ साली व्हीएमवेअरची जादू होती. आज ते फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही माउसच्या दोन टिचक्यांत होतं. फरक पडतो तो तक्त्याबाहेरच्या गोष्टींनी. परवान्याची दोरी कुणाच्या हातात आहे, घेतलेला बॅकअप दुसरीकडे उघडेल का, आणि रविवारी रात्री सर्व्हर पडला तर फोन उचलणारा माणूस कोण.

वाचक म्हणून माझ्या डोळ्यांसमोर पनवेल ते रोहा या पट्ट्यातली माणसं आहेत. पतसंस्थेत हिशेबासोबत कॉम्प्युटरही सांभाळणारा क्लार्क, धाटाव एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्याचा एकटा आयटीवाला, कॉलेजातला लॅब असिस्टंट. याच रायगड जिल्ह्यात, पनवेलजवळ, योट्टाचं एनएम-१ हे डेटा सेंटर २०२० पासून उभं आहे, ७,२०० रॅकच्या क्षमतेचं. तिथल्या मंडळींना या पुस्तकाची गरज नाही. त्यांच्यापासून तासाभराच्या अंतरावर, ज्या ऑफिसात जिन्याखालच्या खोपट्यात यूपीएसशेजारी एकच सर्व्हर घरघरतो आहे, त्या ऑफिसला ती आहे.

माझं गाव पेण तालुक्यातलं जोहे. हमरापूर, कळवे, तांबडशेत, जोहे या टापूत घरटी गणपतीचा कारखाना आहे म्हटलं तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही, आणि यातले बहुसंख्य कारखाने पीओपीवर चालतात. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि पीओपीच्या मूर्तींवर बंदीचं सावट पडलं. बाहेरच्या लोकांना वाटलं, पीओपीची गोणी ठेवायची आणि शाडूची उचलायची, त्यात काय! पण रबरी साच्यात पीओपी ओतली की मूर्ती बघता बघता धरते, आतून पोकळ आणि हलकी निघते. शाडू साच्यात हाताने दाबावा लागतो, मूर्ती कित्येक दिवस सावलीत वाळवावी लागते, दमट हवेत तिचा भरवसा नाही, आणि ट्रकमध्ये चढवायची म्हणजे अंगावर काटा. साचे, मांडव, मजूर, गाडीभाडं, आगाऊ घेतलेल्या ऑर्डरी, बँकेचं कर्ज असं सगळंच पीओपीच्या वेगावर बेतलेलं होतं. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जन न करण्याच्या अटीवर मूर्ती घडवायची मुभा दिली, तेव्हा गावाच्या जिवात जीव आला. नदी-समुद्राचा प्रश्न खराच आहे, तो इथे सोडवत बसत नाही. मला दिसली ती गोष्ट एवढीच, की कच्चा माल एक बदलला तर त्याच्यावर रचलेलं सगळं घर हलतं. व्हीएमवेअरवाल्या ऑफिसांचं नेमकं हेच झालं. हायपरव्हायझर ही फक्त गोणी होती. बॅकअपचं सॉफ्टवेअर, स्टोरेजची मांडणी, नेटवर्कची नावं, शिकलेला माणूस आणि त्याच्या हाताची सवय, सगळं त्याच्यावर बेतलेलं होतं.

आता हा हायपरव्हायझर करतो काय, ते थोडक्यात सांगायला हवं. एका सर्व्हरचा प्रोसेसर, रॅम आणि डिस्क तो वाटून देतो आणि प्रत्येक वाटेकऱ्याला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, आपण स्वतंत्र यंत्रावरच आहोत असं वाटत राहतं. आयबीएमने आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० हे १९७२ मध्येच जाहीर केलं होतं. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी यंत्र कसं असेल तर ते असं वाटता येईल याचे नियम मांडले. पंचाईत अशी, की आपल्या सगळ्यांच्या टेबलावर आलेला इंटेलचा प्रोसेसर त्या नियमांत बसत नव्हता. त्याच्या काही आज्ञा अशा, की पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिमने त्या दिल्या तर प्रोसेसर ना हायपरव्हायझरला हाक मारायचा, ना चूक दाखवायचा. गपचूप वेगळंच काही करून मोकळा व्हायचा. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने यावर उपाय काढला: पाहुण्याच्या आज्ञा चालता चालता वाचायच्या आणि अवघड असतील त्या जागच्या जागी बदलून टाकायच्या. हे काम महाकठीण होतं आणि त्याचे पैसे मागायचा त्यांना पूर्ण हक्क होता. केंब्रिज विद्यापीठातल्या मंडळींनी २००३ मध्ये झेन आणलं. त्यांचा मार्ग निराळा. पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिमलाच विश्वासात घ्यायचं आणि तिच्यात तसे बदल करायचे.

मग २००५ मध्ये इंटेलने आणि पुढच्या वर्षी एएमडीने ही सोय प्रोसेसरमध्येच दिली आणि खेळ पालटला. जे काम करायला अव्वल डोकी लागत होती ते आता सिलिकॉन करू लागलं. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या कर्नलमध्ये केव्हीएम दाखल झालं. ते लिहिलं होतं क्यूमरानेट या छोट्या कंपनीतल्या अवी किविटीने, आणि त्याची युक्ती साधी होती: मेमरी वाटणं, कामांची पाळी लावणं हे सगळं लिनक्स आधीच करतो, मग ते पुन्हा कशाला लिहायचं? पुढच्याच वर्षी रेड हॅटने ती कंपनी घेतली. तेव्हापासून हायपरव्हायझर ही फुकट मिळणारी वस्तू झाली. पैसे मागायचे ते भोवतालच्या व्यवस्थेचे: क्लस्टर सांभाळणारा पडदा, स्टोरेज, बॅकअप, आधार. अॅमेझॉनची क्लाउड सेवा २००६ मध्ये झेनवर सुरू झाली आणि पुढे केव्हीएमच्या वळणावर गेली, गूगलची केव्हीएमवरच आहे. ज्यांचा सर्वांत मोठा कारभार आहे त्यांनी विकतचा हायपरव्हायझर घेतलाच नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. अर्थात त्यांच्याकडे शेकडो इंजिनिअर आहेत आणि पतसंस्थेकडे एक क्लार्क. म्हणून 'गूगल वापरतं' हा युक्तिवाद कुणी तुमच्यासमोर केला तर चहा पाजून वाटेला लावा.

व्हीएमवेअर अजूनही सर्वांत घोटून तयार झालेलं सॉफ्टवेअर आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. पाचशे व्हर्च्युअल मशीन असलेल्या बँकेने घाईने ते सोडू नये. पण त्याचा इतिहास पाहा: २००४ मध्ये ईएमसीने घेतलं, २०१६ मध्ये ईएमसीसकट डेलकडे गेलं, २०२१ मध्ये वेगळं झालं, २०२३ मध्ये ब्रॉडकॉमकडे. मालक बदलणं ही इथे नित्याची बाब आहे. एप्रिल २०२५ मध्ये फुकटची आवृत्ती परत आली म्हणून काही जण हुरळले. पण बॅकअप घेणाऱ्या सॉफ्टवेअरला लागणारी दारं तीत बंद आहेत, त्यामुळे ऑफिसच्या कामाला ती नको. ईएसएक्सआयच्या आवृत्ती ७ चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, तरी ती चालवणारी ऑफिसं आपल्याकडे आहेत आणि 'चालतंय ना' हे त्यांचं उत्तर असतं. आणखी एक अडचण खास आपल्याकडची. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या 'सर्व्हर'मध्ये बहुधा रिअलटेकचं नेटवर्क कार्ड असतं, आणि ईएसएक्सआयच्या नव्या आवृत्त्या ते आपणहून ओळखत नाहीत. इन्स्टॉलर पहिल्याच पानावर नेटवर्क कार्ड नाही म्हणून हात वर करतो.

हायपर-व्ही २००८ पासून विंडोज सर्व्हरसोबतच येतं, त्यामुळे अनेकांच्या खिशात ते आधीच आहे आणि त्यांना पत्ता नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या परवान्यात सर्व्हरचे सगळे कोअर, किमान सोळा, मोजले की दोन व्हर्च्युअल मशीन चालवायची मुभा मिळते. चार हवी असतील तर तेवढेच कोअर पुन्हा मोजायचे. ही मोजणी हायपरव्हायझर कुठलाही असला तरी करावी लागते. 'प्रॉक्समॉक्स फुकट आहे ना, मग विंडोजचे पैसे कसले?' हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे, की त्यासाठी एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं. हायपर-व्हीचं एक दुखणं मात्र तक्त्यात दिसत नाही: होस्टच्या यूएसबी पोर्टला लावलेली वस्तू ते सरळ व्हर्च्युअल मशीनला देऊ शकत नाही. अमेरिकेत लिहिलेल्या पुस्तकांत याला एक ओळ मिळते. आपल्याकडे हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर, वजनकाट्याचा प्रोग्रॅम, डिझाइनचं पॅकेज अशा किती गोष्टी डोंगलवर चालतात! डोंगल काढला की सॉफ्टवेअर बंद. धाटावच्या एखाद्या कारखान्याची निवड तो अंगठ्याएवढा डोंगल ठरवतो, आणि ती तशीच ठरवावी. ईएसएक्सआय आणि प्रॉक्समॉक्स दोघंही डोंगल थेट देतात. त्या बदल्यात ते व्हर्च्युअल मशीन डोंगल लावलेल्या सर्व्हरला बांधलं जातं, आणि प्रॉक्समॉक्समध्ये तर चालू असताना दुसरीकडे हलवता येत नाही.

प्रॉक्समॉक्स व्हिएन्नाचं. २००८ पासून चालू, डेबियन लिनक्सवर उभं, आत केव्हीएम. लॉग इन केलं की सबस्क्रिप्शन नसल्याची पाटी दाखवतं. ती बंद करून कामाला लागायचं. काम एकही अडत नाही. सबस्क्रिप्शन घेतलं तर हिशेब प्रोसेसरच्या सॉकेटवर, कोअरवर नाही. पण आधार मिळतो तो ऑस्ट्रियाच्या कामाच्या दिवशी, त्यांच्या ऑफिसच्या वेळात. म्हणजे आपल्याकडे सकाळी दहाला काउंटर उघडताना बिघाड झाला तर तिथे अजून पहाट असते. यासाठी जवळपास, निदान पनवेल-ठाण्यात, लिनक्स जाणणारा माणूस ठरवून ठेवायचा आणि त्याला वर्षाचे पैसे द्यायचे. सॉफ्टवेअरवर वाचलेल्या पैशातून हे सहज भागतं. संचालक मंडळाला मात्र हे पटवताना घाम फुटतो, कारण परवान्याचं बिल फाइलला लागतं आणि माणसाचं ज्ञान लागत नाही.

इथे एक प्रसंग जवळून दाखवतो, कारण तो हमखास घडतो. ऑफिस हौसेने दोन सर्व्हर घेतं आणि त्यांचं क्लस्टर करतं: एक पडला तर दुसरा सांभाळेल. जुलैत वीज जाते, यूपीएस दम तोडतो, दोन्ही सर्व्हर बंद होतात. वीज येते तेव्हा एकाचा पॉवर सप्लाय गेलेला असतो. दुसरा धडधाकट सुरू होतो, डिस्क ठीक, सगळं ठीक, आणि तरीही एकही व्हर्च्युअल मशीन उठत नाही. पडद्यावर दिसतं, की कोरम नाही. दोनांतला एक म्हणजे बहुमत नव्हे, आणि बहुमत नसताना प्रॉक्समॉक्स काही सुरू करत नाही. यात त्याचं चुकत नाही. दोघांमधली केबल तुटली असती आणि दोघांनीही तेच मशीन सुरू केलं असतं, तर एकाच खतावणीवर दोन हातांनी नोंदी झाल्या असत्या. यावरचा इलाज स्वस्त आहे. तिसरं मत देण्यापुरता एक रास्पबेरी पाय किंवा जुना पीसी नेटवर्कवर ठेवायचा. तो कसा बसवायचा हे सहाव्या प्रकरणात आहे, आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी ते करावं.

उरलेल्यांपैकी एक्ससीपी-एनजी हा झेनचा फ्रेंच अवतार, २०१८ पासूनचा. स्वच्छ, शिस्तीचा, आपल्याकडे तो जाणणारी माणसं मात्र शोधावी लागतात, आणि एका व्हर्च्युअल डिस्कला २ टीबीची मर्यादा त्याला कित्येक वर्षं चिकटून होती. न्यूटॅनिक्स धीरज पांडे, मोहित अरोन आणि अजीत सिंग यांनी २००९ मध्ये सुरू केली. व्हीएमवेअर सोडणाऱ्या मोठ्या संस्था बऱ्याचदा तिकडे वळतात, आणि एका मालकाच्या दारातून निघून दुसऱ्याच्या दारात उभ्या राहतात. पैसे असतील तर त्यात वाईट काही नाही. छोट्या ऑफिसने त्या वाटेला जाऊ नये.

स्थलांतरावर या पुस्तकात सर्वांत जास्त पानं गेली आहेत. प्रॉक्समॉक्समध्ये २०२४ पासून ईएसएक्सआयवरची मशीन थेट ओढून घ्यायची सोय आहे आणि जाहिरातीत ती फार सोपी दिसते. लिनक्सची मशीन खरंच सोपी जातात. विंडोजचं सांगतो. जुन्या घरी असतानाच व्हर्टआयओचे, म्हणजे केव्हीएमच्या आभासी डिस्क आणि नेटवर्क कार्डाचे, ड्रायव्हर घालायला विसरलात, तर नव्या घरी विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाही आणि निळा पडदा येतो. तो टप्पा पार झाला तर नेटवर्क कार्ड नवं दिसतं आणि जुना आयपी पत्ता टाकायला गेलं की विंडोज म्हणते, हा पत्ता दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. ते दुसरं कार्ड कुठे दिसत नाही. ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवल्यावर सापडतं, तिथून काढून टाकावं लागतं. तोवर काउंटरवर रांग लागलेली असते आणि कुणीतरी हौशी ग्राहक 'सर्व्हर डाउन का?' असं विचारून घेतो. शनिवारी दुपारनंतर हे काम करा आणि जुना सर्व्हर आठवडाभर पुसू नका.

बॅकअपबद्दल मी हट्टी आहे. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो, आणि महिनोन्‌महिने विसरून ठेवला तर फुगत फुगत डिस्क भरतो व सगळी मशीन एकदम थांबवतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा जिल्ह्याच्या काही भागांत वीज यायला आठवडे लागले, छपरं उडालेल्या खोल्यांत पाणी शिरलं. अशा वेळी ऑफिसबाहेर, निदान दुसऱ्या गावात असलेली प्रतच कामाची. ती प्रत कुठल्या रूपात आहे हेही पाहा. हार्डडिस्कवरची फाइल त्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नसेल तर तुमचा डेटा तुमच्या कपाटात असूनही तुमचा नाही. व्हीमसारखं बॅकअपचं सॉफ्टवेअर २०२४ पासून प्रॉक्समॉक्सलाही चालतं, त्यामुळे एका हायपरव्हायझरवर घेतलेला बॅकअप दुसऱ्यावर उतरवणं आता शक्य झालं आहे. माझ्या लेखी गेल्या काही वर्षांतली ही सर्वांत मोठी सुधारणा. पेणच्या लोकांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. २०१० मध्ये पेण अर्बन बँक बुडाली ती बोगस कर्जखात्यांनी. खोट्या नोंदीचा बॅकअपही खोटाच निघतो आणि तिथे कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही.

कंटेनर आणि क्लाउड हे विषय इथे मुद्दाम आणलेले नाहीत. कंटेनर चालवायलाही बहुतेक ठिकाणी खाली व्हर्च्युअल मशीनच असतं, आणि क्लाउडचा हिशेब मासिक बिलाचा असल्याने त्याची तुलना वेगळ्या पद्धतीने करावी लागते. प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. ज्याच्याकडे व्हीएमवेअरचं नूतनीकरण तोंडावर आलं आहे त्याने परवान्यांचं प्रकरण आधी घ्यावं, आणि त्यातल्या कोष्टकात आपल्या प्रोसेसरचे कोअर भरून विक्रेत्याला फोन करावा. बाकीच्यांनी बॅकअपपासून सुरुवात करावी. त्या प्रकरणाच्या शेवटी एक काम दिलं आहे: बॅकअपमधलं एक मशीन वेगळ्या पीसीवर उतरवून चालू करायचं, त्यात लॉग इन करायचं, आणि कालची शेवटची पावती तिथे दिसते का ते पाहायचं. त्याला लागणारा पीसी आठ जीबी रॅमचा असला तरी पुरतो.